हयातीच्या दाखल्यासाठी मलिंगारला

आयर्लंडहून परत आले तेव्हापासून नागपुरातली मंडळी एकच विचारतात, "काय काय पाहिलं?" समुद्रकडे, किल्ले, हिरवेगार डोंगर ऐकायला कान टवकारून बसलेली असतात. मी सांगते, "नोटरी पाहिला." हसतात. हसू देत बापडे. कडे आणि किल्लेही पाहिले, पण त्यांचे फोटो लेकीच्या फोनमध्ये आहेत, तिच्याकडून मागवून घ्या. मला सांगायचं आहे ते मलिंगारचं.

आधी माझी ओळख. मी कुसुम. एकतीस वर्षं जिल्हा कोषागारात नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त पेन्शन शाखेत. दर नोव्हेंबरला म्हातारी माणसं माझ्या टेबलासमोर रांग लावायची आणि 'आम्ही अजून जिवंत आहोत' हे सही करून सांगायची. ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्या नावापुढे मी लाल पेनानं खूण करायची. डिसेंबरपासून पेन्शन बंद. आता मी स्वतः पेन्शनर, आणि या नोव्हेंबरात मी होते डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला, माझ्या लेकीकडे, अनघाकडे.

निघण्याआधी शाखेतला माझा जुना सहकारी म्हणाला होता, "मॅडम, कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवा. नोव्हेंबरात तारीख टाकून मी लावून देतो. कोणाला काय कळते?" मी म्हटलं, "वा रे वा! अशाच कोऱ्या सह्यांवर एका मेलेल्या मास्तरची पेन्शन त्याचा पोरगा दोन वर्षं खात होता. कोणी पकडला होता? मीच ना? आता मीच तसं करू?" पण तोऱ्यात नाही म्हटलं की पुढचं निस्तरावंही लागतं.

ब्लँचर्डस्टाउन

जावई निखिलराव कॉम्प्युटरवाले. डंडॉकला ऑफिस, आठवड्यातून दोनदा जातात, उरलेले दिवस जिन्याखालच्या कोपऱ्यात बसून काम करतात. म्हणाले, "आई, आता सगळं अ‍ॅपवर होतं. फोनसमोर बसा, डोळे मिचकावा, झालं." मी केस विंचरून, टिकली लावून बसले. डोळे मिचकावले. नात ईरा नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही तिथल्या हेलात. ती बाजूला उभी राहून म्हणाली, "आजी, यू आर डेफिनेटली अलाइव्ह." अ‍ॅपनं ओटीपी मागितला. ओटीपी गेला माझ्या जुन्या नंबरावर, आणि तो नंबर नागपूरला, लोखंडी कपाटात, बंद फोनमध्ये. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. म्हणजे ब्लँचर्डस्टाउनमध्ये.

निखिलराव म्हणाले, "अहो आई, कशाला डोक्याला त्रास? जानेवारीत परत जाल तेव्हा सही करा, थकलेली सगळी मिळेल. तोवर मी आहे ना." माणूस सोन्यासारखा, मनात काही नाही. पण माझं डोकं फिरलं. जिवंत, धडधाकट, रोज पोळ्या लाटणारी बाई महिनाभर मेलेल्यांच्या यादीत का म्हणून राहील? आणि जावयाच्या खिशावर का म्हणून? मी म्हटलं, "निखिलराव, तुम्ही द्याल हे मला माहीत आहे. म्हणूनच नको."

नियम मला तोंडपाठ. परदेशात असलेल्या पेन्शनराच्या दाखल्यावर तिथल्या नोटरीनं सही केली तरी चालते. तिथे नोटरी म्हणजे मोठा वकील, आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतो तसला नव्हे. अनघानं डब्लिनमध्ये दोन ठिकाणी फोन केले. दोघांनी गोड शब्दांत नाही म्हटलं. कारण कागदांवरची बाई एक नव्हती.

ही गाठ समजून घ्या. मी नोकरीला लागले तेव्हा लग्न व्हायचं होतं. सेवापुस्तकात नाव पडलं कुसुम रामचंद्र देशकर. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, वैजयंती. मला कोणी विचारलं नाही, तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती. सासरी मी वैजयंती सुधाकर वानखडे झाले. सासरे म्हणाले, "ऑफिसातही बदलून घे." मी म्हटलं, "मामंजी, तिथे मी परीक्षा देऊन लागले, तिथलं नाव राहू द्या." सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. त्यामुळे नोकरी, पेन्शन, बँक, आधार सगळं कुसुमच्या नावावर. लग्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि पासपोर्ट वैजयंतीच्या. पासपोर्ट ह्यांनीच काढला होता, निवृत्तीनंतर सिंगापूरला जाऊ म्हणून. सिंगापूर राहिलं, हे गेले, पासपोर्ट उरला. दोन्ही नावांत एकही शब्द जुळत नव्हता. आपल्याकडे कोणाला त्याचं नवल नाही, गल्लीतल्या निम्म्या बायका अशाच दोन-दोन आहेत. पण परक्या देशात माझी ओळख म्हणजे पासपोर्ट, आणि त्यावर दाखला निघाला असता तो वैजयंतीच्या हयातीचा. पेन्शन कुसुमची.

खरं सांगते, त्या रात्री मला लाज वाटली. अशाच एका बाईला मी तीनदा परत पाठवलं होतं. पेन्शनच्या कागदावर शांताबाई, बँकेत सुनंदा. "प्रतिज्ञापत्र आणा," "हे चालत नाही," "दुसरं आणा." काटोलहून एसटीनं यायची बिचारी. तेव्हा मला नियम दिसत होता, तिच्या चपला दिसत नव्हत्या.

तिसरा फोन मलिंगारला. निखिलरावांच्या ऑफिसातल्या कोणीतरी नंबर दिला होता. तिथला म्हातारा नोटरी म्हणाला, "गुरुवारी या, बघू काय करता येतं." 'बघू' हा शब्द मला सरकारी वाटला. मी पिशवी भरली.

मलिंगारचा रस्ता

गुरुवारी निखिलराव डंडॉकला गेले, ईरा शाळेत, आणि अनघानं गाडी काढली. नोव्हेंबरातलं ते ऊन म्हणजे पाहुण्यासारखं, दारातूनच परत जाणारं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं, इतकं हिरवं की डोळ्यांना काम उरत नाही. गुरं पावसात बसलेली, राखायला माणूस नाही. मला आमच्या वर्धेकडची गुरं आठवली, मे महिन्यात बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. एका ठिकाणी काळपट ओलसर माळ लागला. अनघा म्हणाली, ही माती वाळवून पूर्वी चुलीत जाळायचे. माती जळते म्हणे! आमच्याकडे मातीनं चूल बांधतात.

गाडीत मी अनघाला छेडलं. ही पोरगी आयर्लंडला येण्याआधी सात वर्षं इंग्लंडात, लेस्टरला, एका प्रयोगशाळेत कामाला होती. पगारातून तिकडच्या सरकारी पेन्शनचे पैसे कापले जात होते. निखिलरावांना इथे नोकरी लागली आणि ही सगळं सोडून आली. आता इथे शाळेच्या वेळात एका पाळणाघरात अर्धवेळ जाते.

"तुझी लेस्टरची सात वर्षं कुठे गेली?"

"आई, ते सोड ना. दहा वर्षं भरल्याशिवाय तिकडे काही मिळत नाही. गेलं ते गेलं."

"काऊन गेलं? दोन देशांची वर्षं जोडून धरतात का, विचारलं का कोणाला? एक पत्र तरी टाकलं का?"

"निखिलची पेन्शन आहे ना इथे. आम्हाला पुरेल."

"निखिलची आहे. तुझी कुठे आहे?"

ती गाडी चालवत राहिली. ओठ आवळले की ती हुबेहूब तिच्या बापासारखी दिसते. बोलणं संपलं म्हणून मी ठेच्याची बाटली पिशवीत नीट उभी आहे का ते पाहिलं.

मलिंगार

गाव म्हणजे एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना रंगीत दुकानं, टोकाला दगडी चर्च, बाजूनं कालवा. कालव्यात राजहंस. आमच्या अंबाझरी तलावावर बगळे असतात, त्यांना माणसाचं भय असतं. इथले हंस गावच्या पाटलासारखे, आपणच बाजूला व्हायचं.

गाडीतून उतरले तोच वाऱ्यानं छत्री उलटी केली, मी छत्री सावरायला गेले, आणि फायल गेली डबक्यात. आई गं! पेन्शनचा हुकूम, फॉर्म, आधारची प्रत, सगळं चिखलात. अनघा ओरडली, मी ओरडले, एक पोष्टमन धावत आला. वकिलाच्या दारावर पाटी, जेवणाची सुट्टी, दोन वाजता या. समोर चहाचं दुकान होतं, तिथे शिरलो. भिंतीला गरम पाण्याचं पन्हळ असतं तिथे, खोली ऊबदार ठेवणारं. मी मालकिणीला विचारलंसुद्धा नाही, कागद एकेक करून त्यावर वाळत घातले, पापड घालतात तसे.

तिथेच शेजारच्या टेबलावर ब्रायडी भेटली. पंच्याहत्तरीच्या पुढची, पांढरे केस, लाल कोट, पुढ्यात चहा आणि लोण्यानं माखलेला स्कोन, म्हणजे तिकडचा जाडसर गोड पाव. तिकडचा चहा आपल्यासारखाच, कडक आणि दूध घातलेला. त्या बाबतीत माणसं सभ्य आहेत. मी भाजीचं सूप आणि काळपट पाव घेतला, आणि हळूच ठेचा काढला. ब्रायडीनं वास घेतला, बोटाच्या टोकावर घेऊन चाटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "ग्रँड!" तिथे सगळंच ग्रँड असतं, पण ही मनापासून म्हणाली. मग कागदांकडे बोट करून तिनं विचारलं, हे काय धुतलंय?

माझं इंग्रजी फायलीतलं, पण पेन्शनचा विषय म्हटल्यावर मला अडत नाही. मी सगळं सांगितलं, दोन नावं, ताटातले तांदूळ, लाल खूण. ब्रायडीनं ऐकलं आणि कप खाली ठेवला.

ती म्हणाली, "तुझं नाव गेलं, माझी नोकरीच गेली. मी पोष्टात होते. त्या काळी इथे लग्न झालं की बाईनं सरकारी नोकरी सोडायची, कायदाच होता. केक कापला आणि दुसऱ्या दिवशी घरी."

"मग?"

"मग काय, नवऱ्याला घेऊन गेले इंग्लंडला. बावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, नंतर कचेरीत बसले. परत आले तेव्हा सगळे म्हणाले, तिकडचं विसर. मी का विसरू? पावसात उभं राहून कमावलेली वर्षं होती ती. पत्रं लिहिली. आता तिकडची पेन्शन थोडी येते, इकडची थोडी येते, आणि दोन्ही माझ्या नावावर येतात." मग अनघाकडे वळून म्हणाली, "तू तिकडे कामाला होतीस का गं?"

अनघानं माझ्याकडे पाहिलं. मी सुपात पाव बुडवत होते. शपथ घेऊन सांगते, मी एक शब्द बोलले नव्हते.

"सात वर्षं," अनघा म्हणाली.

"आणि कागद कुठे आहेत?"

"प्रेसमध्ये. वरच्या खणात." तिथे कपाटाला प्रेस म्हणतात.

"मग काढ बाहेर," ब्रायडी म्हणाली, आणि उरलेला स्कोन तिनं माझ्या बशीत सरकवला.

वकिलाची कचेरी

दोन वाजता वर गेलो. लाकडी जिना, लोकरीचा वास, भिंतीवर घोड्यांचे फोटो. नोटरीबुवा सत्तरीचे, चष्मा कपाळावर, आवाज मऊ. त्यांची सेक्रेटरी मॉरीन विणत बसली होती. नोटरीबुवांनी पासपोर्ट पाहिला, पेन्शनचा हुकूम पाहिला, आधार उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, पासपोर्ट मला कळतो. हे कार्ड मला कळत नाही. आणि या हुकुमातली बाई दुसरी आहे."

"बाई तीच आहे. नावं दोन आहेत."

"तुमचं म्हणणं खरं असेल. पण मी तुम्ही कोण आहात यावर सही करतो. मला दिसतं त्यावर."

अनघा उठायला लागली. "चल आई, राहू दे, आपण जानेवारीत..."

"बस खाली," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. मॉरीनच्या सुया थांबल्या. आणि त्या क्षणी मला माझंच टेबल आठवलं. दिसतं त्यावर सही! अहो, मीही तेच म्हणायची. मग या माणसाला दिसेल असं काय आहे? मी हुकूम ओढून घेतला आणि मागचं पान उघडलं.

आमच्या सरकारला माणसाच्या नावावर कधीच विश्वास नव्हता. म्हणून पेन्शनच्या कागदात एक पान असतं: पेन्शनराचा फोटो, उंची, आणि अंगावरच्या ओळखीच्या खुणा. मराठीतही, इंग्रजीतही. एकतीस वर्षं मी ते पान उलटून पुढे गेले होते, कोणाच्या खुणा पाहायला वेळ कोणाला होता?

"वाचा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. फोटोत मी आणि हे, दोघं खांद्याला खांदा लावून. हे कधी नव्हे ते हसलेले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वाचलं: उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस भाजल्याचा डाग.

मी बांगड्या वर सारल्या, स्वेटरची बाही दुमडली आणि हात टेबलावर ठेवला. लहानपणी चिक्कीचा पाक सांडला होता, त्याचा डाग. साठ वर्षांत पुसला गेला नाही.

"डाव्या कानाखाली तीळ," त्यांनी वाचलं. मी केस मागे केले. मॉरीन उठून जवळ आली, तिनंही पाहिलं आणि मान डोलावली.

"उंची पाच फूट एक इंच."

"मोजा," मी म्हटलं.

"मॅडम, चाळीस वर्षांत मी कोणा बाईची उंची मोजलेली नाही."

"मग आज मोजा."

मॉरीननं विणकामाच्या पिशवीतून टेप काढला. मी चपला काढून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले, शाळेतल्या मुलीसारखी ताठ. अनघाला हसू आवरेना. मॉरीननं माझ्या डोक्यावर फायल आडवी धरली, खूण केली, मोजलं, आणि तिचा चेहरा पडला. पाच फूट. एक इंच कमी.

एका इंचासाठी मी परत जाणार? मी म्हटलं, "साहेब, तो कागद नोकरीत लागले तेव्हाच्या उंचीवरून उतरवलाय. सत्तावीस वर्षांची होते. त्यानंतर दोन बाळंतपणं, एकतीस वर्षं वाकून फायली, नवऱ्याचं आजारपण. एक इंच त्यात गेला. तुमचा किती गेला?"

नोटरीबुवा उठले, कोट काढला, जाऊन त्याच चौकटीला उभे राहिले. "मॉरीन, मोज." मोजलं. दीड इंच गेला होता. असे हसले की डोळ्यांवरचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

मग बसून त्यांनी स्वतःच वाक्य तयार केलं. अमुक नावाचा पासपोर्ट घेऊन आलेली स्त्री आज माझ्यासमोर जिवंत हजर झाली. तमुक नावाच्या पेन्शनच्या हुकुमातला फोटो, डाग आणि तीळ तिच्या अंगावर मी स्वतः तपासले. दोन्ही नावं आपलीच असल्याचं तिनं शपथेवर सांगितलं. "जिवंत आहे आणि भांडते आहे, असं लिहू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नको, ते ऑफिसात माहीत आहे." लाल मोहोर उठवली. फी घ्यायला का कू करत होते, मी घ्यायला लावली आणि पावतीही मागून घेतली. पावतीवर नाव काय लिहू, मॉरीननं विचारलं. कुसुम, मी म्हटलं.

परतीच्या रस्त्यावर अंधार लवकर पडला. अनघा म्हणाली, "आई, लेस्टरला मी लग्नाआधीच्या नावानं लागले होते. मधेच बदललं. त्यांच्याकडे मी कोण असेन गं?"

"विचार," मी म्हटलं. "पत्र टाक. दोन्ही नावं लिही."

आठवड्याभरात तिनं पत्र टाकलं. मी निघाले तेव्हा उत्तर यायचं होतं, पण फोनवर चौकशी करून ती आपली वर्षं वहीत मांडत बसली होती, आणि निखिलराव तिला चहा नेऊन देत होते. हे मला आवडलं.

नागपूर

माझा कागद कुरियरनं महिना संपायच्या आत पोहोचला. डिसेंबरची पेन्शन डिसेंबरात जमा झाली. परत आल्यावर मी शाखेत गेले. माझ्या टेबलावर आता नवी मुलगी बसते, हुशार आहे, लाल पेनही आहे तिच्याकडे. तिनं मलिंगारचा दाखला दोनदा वाचला आणि म्हणाली, "आजी, हे या वेळी चाललं. पण दर वेळी डाग-तीळ कुठे दाखवत बसाल? कोणतं तरी एकच नाव ठेवा. पासपोर्टवर जे आहे तेच इकडे करून घ्या, सोपं पडेल."

सगळे तेच म्हणाले. दीर म्हणाले, नणंद म्हणाली, या वयात दोन नावांचा कशाला नसता उपद्व्याप. मी दोन दिवस विचार केला. ह्यांच्यावर माझा राग नाही, फोटोतले हे तर माझ्याच बाजूला हसत उभे आहेत. आडनाव त्यांचंच राहू देईन. पण वैजयंती हे नाव तांदळावर लिहिलेलं होतं, आणि तांदूळ त्याच दिवशी शिजवून खाल्ले होते. कुसुम हे नाव शाईनं लिहिलेलं आहे आणि त्याच्यापुढे एकतीस वर्षं माझी हजेरी लागलेली आहे.

मी राजपत्राचा फॉर्म आणला. जुने नाव: वैजयंती. नवे नाव: कुसुम. खाली एक रकाना आहे, 'नाव बदलण्याचे कारण'. बायका तिथे बहुतेक 'विवाह' लिहितात, खिडकीवरच्या माणसानं मला तसंच सांगितलं. मी पेन घेतलं आणि लिहिलं: अर्जदार हयात आहे.